बिलाची तारीख बघा
‘कार्डानेच बुडवलं, आता पुन्हा कार्ड कशाला?’ हा क्रेडिट कार्डाच्या थकबाकीत पोळलेल्यांचा प्रश्न रास्त आहे. पण रोखीने कितीही चोख व्यवहार केला तरी त्याची नोंद क्रेडिट ब्युरोकडे, म्हणजे आपल्या कर्जफेडीची नोंद ठेवून त्यावरून ‘स्कोअर’ देणाऱ्या संस्थेकडे, जात नाही. घेतलेली उधारी आणि ती कशी फेडली, हेच तिथे दिसतं.

मी मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड घेतलं होतं. पूर्ण बिल वेळेत भरूनही स्कोअर ढिम्म हलेना. गोम तारखेत होती. माझी बँक ब्युरोला बिल तयार होण्याच्या दिवशीची बाकी कळवत होती. मर्यादा २०,००० आणि त्या दिवशी बाकी १८,०००, म्हणजे मर्यादेच्या ९० टक्के वापर, आणि एवढा वापर स्कोअर वर जाऊ देत नाही! नंतर सगळं भरलंत तरी नोंद तीच. मग मी बिल निघायच्या तीन-चार दिवस आधीच पैसे भरायला लागलो आणि कार्डावर फक्त फोनचं बिल ठेवलं. (बायको म्हणे, एवढ्यासाठी कार्ड?) काही महिन्यांनी आकडा हलला.

‘किमान रक्कम’ भरून उशिराचा शिक्का टळतो, व्याज मात्र टळत नाही. आणि एकाच वेळी चार ठिकाणी अर्ज टाकू नका, प्रत्येक अर्जामागे बँक ब्युरोकडे जी चौकशी करते, तिची नोंद राहते.