बंगळूर अंगाला लागत नाहीये, काय करू?

कृष्णाकाठ
सांगलीहून नोकरीसाठी बंगळुरात आलोय. ऑफिस व्हाइटफील्डला, फ्लॅटही तिथेच, चालत जाण्याएवढ्या अंतरावर. पाच दिवस ऑफिस, शनिवारी मॉल, नाहीतर शुक्रवारी रात्री गाडी पकडून घर. शहर वाईट आहे असं नाही, पण ते आहे कुठे हेच कळत नाही. पुढची चार-पाच वर्षं इथेच काढायची आहेत, तर मन लागलेलं बरं. शिवाय बारीकसारीक कटकटी आहेतच: कन्नड येत नाही, एमएच-10 ची बाईक दिसली की पोलीस अडवतात आणि तूरडाळ काही केल्या शिजत नाही. 'छंद जोपासा, मित्र जोडा' छापाचे सल्ले नकोत. नेमकं काय करायचं ते सांगा.

बसवनगुडी_कट्टा
तुम्ही अजून बंगळुरात आलेलाच नाहीत, टेक पार्कात आलाय. जुनं गाव पार दुसऱ्या टोकाला आहे. सुदैवाने ऑक्टोबर 2023 पासून मेट्रोची पर्पल लाइन व्हाइटफील्डहून मॅजेस्टिकच्या पुढे चल्लघट्टपर्यंत सलग धावते. मॅजेस्टिकला ग्रीन लाइन पकडा आणि लालबाग स्टेशनला उतरा. बाईक घरीच ठेवा, सिल्क बोर्डाच्या सिग्नलला उभं राहून कुणालाही हे शहर आवडलेलं नाही.

शनिवारी सकाळी लवकर निघा. लालबागेत आधी त्या खडकावर चढा. सुमारे 300 कोटी वर्षं जुना दगड आहे, वर बंगळूर वसवणाऱ्या केंपेगौडाच्या काळातला छोटा मनोरा आहे. मग पश्चिम दाराने बाहेर पडून चालत गांधी बाजार. विद्यार्थी भवन हे डोशाचं हॉटेल 1943 पासून तिथे आहे, शुक्रवारी बंद. शनिवार-रविवारी नऊनंतर रांग फुटपाथवर येते, म्हणून आठच्या आत पोचा. रांग नको असेल तर जवळच शंकरपुरमला ब्राह्मिन्स कॉफी बार: इडली, वडा, चटणी, उभ्याने. सांबार मागू नका, ते तिथे करतच नाहीत.

खरी गोष्ट पुढे आहे. पुढच्या शनिवारी पुन्हा तिथेच जा. त्याच्या पुढच्या शनिवारीही. दर आठवड्याला नवी जागा 'कव्हर' करणं म्हणजे पर्यटन. त्याच फुलवाल्याने, त्याच कॉफीवाल्याने तोंडओळख दाखवायला दीड-दोन महिने लागतात, आणि तेवढ्यातच लोक कंटाळून सोडून देतात.

झाडांवरही लक्ष ठेवा. लालबागेचे जर्मन अधीक्षक क्रुंबिगल यांनी रस्त्यांवरची झाडं अशी निवडली की एक बहर ओसरला की दुसरा सुरू व्हावा. जानेवारीपासून गुलाबी टॅबेबुइया, मग जॅकरांडा, एप्रिल-मेमध्ये गुलमोहर. आणि कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी रजा टाका: दोड्ड बसवण्णाच्या देवळापाशी कडलेकाई परिषे, म्हणजे शेंगांची जत्रा, भरते. रस्ताभर भुईमुगाच्या शेंगांचे ढीग, कच्च्या, भाजलेल्या, उकडलेल्या. सांगलीचा माणूस तिथे परका वाटूच शकत नाही.

आरसी_बुक
बाईकचं सांगतो. दुसऱ्या राज्यात गाडी 12 महिन्यांहून जास्त ठेवली की नवा नंबर घ्यावा लागतो, हा मोटार वाहन कायदाच आहे. क्रम चुकला की पैसे अडकतात, म्हणून क्रमाने:

आधी सगळी चलानं भरा, पीयूसी आणि विमा चालू आहे ना बघा. कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र घ्या. ते नसलं की अर्ज परत येतो, आणि सर्वात जास्त अर्ज इथेच अडतात. मग परिवहन पोर्टलवरून सांगली आरटीओकडे फॉर्म 28, म्हणजे एनओसी. ती आली की इथल्या आरटीओत (व्हाइटफील्डसाठी के. आर. पुरम, केए-53) फॉर्म 27, भाडेकरार, गाडीची तपासणी आणि कर्नाटकाचा आजीवन कर. कर गाडीच्या वयानुसार कमी होत जातो, म्हणून मूळ बिल जपून ठेवा. नवं आरसी हातात आल्यावरच सांगलीत उरलेल्या कराच्या परताव्याचा अर्ज करा, आधी केलात तर उपयोग नाही. विमा कंपनीला नवा नंबर कळवायचं बरेच जण विसरतात, आणि क्लेमच्या वेळी ते अंगाशी येतं. गाडी वर्षभरात विकायची असेल तर हा खटाटोप करूच नका, रेल्वे पार्सलने घरी पाठवा.

जाता जाता: मतदार यादीतलं नावही इकडे आणा. त्याला फॉर्म 8 लागतो, फॉर्म 6 नव्हे. सहा भरलात तर दोन ठिकाणी नाव राहतं. वॉर्डातल्या खड्ड्यांवर बोलायचा हक्क मिळाला की शहराशी भांडता येतं, आणि भांडण हीसुद्धा जवळीकच.

तूरडाळ
दोष डाळीचा नाही, पाण्याचा. तुमच्या भागात बोअर आणि टँकरचं पाणी जास्त. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतात, म्हणून आठ शिट्ट्यांनंतरही दाणा वेगळा आणि वर पिवळं पाणी. आरओचं पाणी घ्या, त्यातच डाळ 30-40 मिनिटं भिजवा आणि त्यातच शिजवा. एका वाटीला चिमूटभर खायचा सोडा चालतो, जास्त झाला तर साबणासारखी चव येते. चिंच-टोमॅटो डाळ शिजल्यावरच. टीडीएसच्या (पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांच्या) आकड्यावर भरवसा ठेवू नका, पाण्याचा जडपणा वेगळा मोजतात, त्याच्या पट्ट्या मिळतात. गीझर 50-55 अंशांवर ठेवा, नाहीतर कॉइलवर क्षार चढून ती जळते.

घर बदलणार असाल तर पहिला प्रश्न भाड्याचा नाही: 'कावेरीचं पाणी येतं का, आठवड्यात किती दिवस?' दुसरा डिपॉझिटचा. पाच-सहा महिन्यांचं भाडं आता सर्रास मागतात, जुने मालक अजून दहा म्हणतात. घर सोडताना रंगकामाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापायची इथे रीत आहे, ते करारात आकड्यासकट लिहून घ्या.

मल्लेश्वरम_आठवा_क्रॉस
बसवनगुडीकरांनी त्यांच्या भागाची जाहिरात केली, आता आमच्या मल्लेश्वरमची. मंत्री स्क्वेअर संपिगे रोड स्टेशनला उतरा, आठव्या क्रॉसचा बाजार बघत काडू मल्लेश्वराच्या देवळात जा. ते व्यंकोजीराजांनी, शिवरायांच्या सावत्र भावाने बांधलं. 1638 मध्ये बंगळूर आदिलशाहीकडे आलं आणि शहाजीराजांना जहागिरीत मिळालं. म्हणजे या गावात आपली माणसं आयटीच्या बरीच आधी येऊन गेलीत. शहाजीराजांची समाधीही याच राज्यात, दावणगेरेजवळ होदिगेरेला आहे.

कन्नडचं म्हणाल तर 'कन्नड गोत्तिल्ला' (कन्नड येत नाही) हे वाक्य आजपासून बंद. त्याऐवजी 'कन्नड कलीता इद्दीनी', शिकतोय. पहिल्यावर समोरचा हिंदीकडे वळतो, दुसऱ्यावर तो थांबून हळू बोलतो. लिपी आधी शिका. वर्णमालेचा क्रम आपलाच आहे, आणि दुकानांच्या पाट्यांवर कन्नड व इंग्रजी दोन्ही असतं, त्यामुळे मेट्रोपर्यंत चालतानाच अभ्यास होतो. आपण चुकतो ते ऱ्हस्व-दीर्घ ए आणि ओ मध्ये, तिथे कान द्या. मोठ्यांना 'नीवु' (तुम्ही), कधीही 'नीनु' (तू) नको.

घर मात्र लगेच बदलू नका. मल्लेश्वरमहून रोज व्हाइटफील्ड म्हणजे जाऊन-येऊन तीन तास, सहा महिन्यांत शहराचा तिटकारा येईल. पर्पल लाइनवर इंदिरानगरच्या अलीकडे, व्हाइटफील्डच्या बाजूला, स्टेशनपासून दहा मिनिटं चालत, असं बघा.

कृष्णाकाठ
आरओच्या पाण्यात डाळ शिजली! बाकीचं क्रमाने करतो. दोन प्रश्न: घरी किती वेळा जावं? आणि संध्याकाळी काही?

बसवनगुडी_कट्टा
महिन्यातून एकदा. राणी चन्नम्मा एक्सप्रेस रात्री पकडली की दुसऱ्या दिवशी मिरजेला नेते म्हणूनच तुमची सवय मोडत नाही. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, तेव्हाच काढा, म्हणजे मधले शनिवार आपोआप इथले होतात. भाकरीची आठवण आली तर उत्तर कर्नाटकी खानावळ शोधा: जोळद रोट्टी, एण्णेगाई, शेंगाचटणी. भरली वांगी आणि भाकरीच ती.

संध्याकाळी जे. पी. नगरचं रंगशंकरा नाट्यगृह. 2004 पासून चालू आहे, अभिनेते-दिग्दर्शक शंकर नाग यांच्या स्मरणार्थ अरुंधती नाग यांनी उभं केलेलं. कन्नड नाटकच बघा, शब्द निम्मे कळले तरी चालतं. फक्त वेळ झाली की दार बंद, मग तिकीट हातात असलं तरी आत सोडत नाहीत. व्हाइटफील्डहून येणार असाल तर दोन तास हातात ठेवून निघा.