आधी तंतूंचा पृष्ठभाग बघा
सपाट फिल्मवर वाढवलेल्या पेशींत जनुक नीट दबतं, तंतूंच्या स्कॅफोल्डवर (पेशी वाढवायच्या जाळीदार आधारावर) तोच एसआयआरएनए (जनुक दाबणारा छोटा आरएनए) कमी चालतो, असा प्रश्न आहे. आरएनए बदलण्याआधी तंतू एसईएमखाली (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) बघा. रत्नागिरीच्या जुलैतल्या दमट हवेत क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलेलं पीसीएल (पॉलिकॅप्रोलॅक्टोन हे पॉलिमर) स्पिन केलं, म्हणजे विजेच्या दाबाने त्याचे तंतू ओढले, की द्रावक उडताना तंतू गार होतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि बारीक खड्डे पडतात. डीह्युमिडिफायर लावून आर्द्रता ४०–५० टक्क्यांवर धरा, नाहीतर दर बॅच वेगळी निघेल.

पृष्ठभाग बदलला की पेशींचं पसरणं बदलतं, त्याबरोबर एसआयआरएनए वाहून नेणारे कण आत घेणंही. कमी पेशी चिकटल्या तर दर पेशीमागे एसआयआरएनएची मात्रा वाढते. म्हणून डीएनए मोजून पेशीसंख्या काढाच. स्क्रॅम्बल्ड कंट्रोलही (तुलनेसाठीचा, क्रम विस्कटलेला आरएनए) त्याच बॅचच्या स्कॅफोल्डवर हवा. त्या जनुकाचा एमआरएनए एसआयआरएनए दिल्यावर साधारण ४८ तासांनी मोजा, प्रथिन ७२ तासांनी.