शब्दचर्चा : प्रतिहेरगिरी, फितूर, अपमाहिती

ऐरोलीकर : इथल्या डेटा सेंटरच्या कर्मचाऱ्यांसाठी सुरक्षेची मराठी पुस्तिका होते आहे. 'काउंटर-एस्पिओनाज', 'डबल एजंट', 'इनसायडर' आणि 'डिसइन्फर्मेशन' यांना काय लिहावं? मसुद्यात शेवटच्याला 'अफवा' म्हटलंय, ते खटकतंय.

नौपाडेकर : खटकायलाच हवं. अफवेला धनी लागत नाही. 'डिसइन्फर्मेशन'ला धनी असतो आणि तो मुद्दाम लपलेला असतो. जुलै 1983 मध्ये दिल्लीच्या 'पेट्रियट' दैनिकात एक निनावी पत्र छापून आलं, की एड्सचा विषाणू अमेरिकेने प्रयोगशाळेत बनवला. 1985 मध्ये सोव्हिएत 'लितेरातुर्नाया गझेता'ने त्याच पत्राचा हवाला देऊन तो आरोप पुढे रेटला. यामागे केजीबी ही सोव्हिएत गुप्तचर संस्था होती. पत्र दूरच्या देशात छापून आणायचं आणि मग तिथल्याच वृत्तपत्राचा दाखला द्यायचा, ही त्यातली मेख. मराठीत याला 'पुडी सोडणे' म्हणतात. नाम हवं तर 'अपमाहिती' घ्या, पण पहिल्या उल्लेखाला 'हेतुपुरस्सर पसरवलेली खोटी माहिती' असं फोडून लिहा. खरं समजून पुढे पाठवणाऱ्याची ती नुसती 'चुकीची माहिती'.

कोपरखैरणेकर : 'काउंटर-एस्पिओनाज'ला 'प्रतिहेरगिरी' चालेल, पण व्याख्येत 'हेर पकडणे' एवढंच नको. हेर ओळखला तरी बरेचदा लगेच हात घालत नाहीत. पाळत ठेवून तो कोणाला भेटतो, पैसा कुठून येतो, हे काढतात. कधी त्याच्याच हातून शत्रूला हूल देतात. लवकर पकडलं तर बाकीचे सावध होतात, फार थांबलं तर खरी गुपितं जातात.

माहिती फुटतेय असा संशय आला की पाच जणांना एकाच टिपणाच्या पाच प्रती द्यायच्या, प्रत्येकीत बारीक फरक करून. कुठल्या प्रतीतला फरक बाहेर दिसला, यावरून फोडणारा कळतो. याला मी 'खूणप्रत' म्हणेन. फरक नुसत्या स्वल्पविरामाचा असेल, तर फोडणाऱ्याने मजकूर आपल्या शब्दांत लिहिला की खूण पुसली जाते. म्हणून तो आशयात हवा : तारीख, आकडा. मात्र ज्या आकड्यावर कोणाचं काम अवलंबून आहे त्याला हात लावायचा नाही.

'डबल एजंट'ला कौटिल्याचा 'उभयवेतन' आहे, दोन्हीकडून पगार घेणारा. नेमका आहे, पण पुस्तिकेत 'दुहेरी हेर'च बरा. 'इनसायडर'ला 'फितूर' नको. कोर्टाच्या बातम्यांमुळे वाचकाला उलटलेला साक्षीदार आठवेल, शिवाय निष्काळजीपणे पासवर्ड देणारा फितूर नसतो. 'आतला माणूस' लिहा.

वाशीकर : 'फॅक्ट-चेक'ला 'शहानिशा'. कृती मात्र नीट द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोतून तारीख-ठिकाणाचा तपशील निघून गेलेला असतो. म्हणून तो फोटोच शोधयंत्रात टाकून जुना आहे का बघावा. वृत्तपत्राच्या नावाची हुबेहूब नक्कल केलेली संकेतस्थळं असतात, तेव्हा पत्त्यातलं अक्षर न् अक्षर तपासावं. पोस्ट उडवली जाण्याआधी पत्ता आणि वेळेसह स्क्रीनशॉट ठेवावा. खंडन करताना आधी खरं काय ते लिहावं, मग खोटा दावा एकदाच. मूळ पोस्ट 'हे खोटं आहे' म्हणून पुढे पाठवली, तर पुडी सोडणाऱ्याचं काम आपणच करतो.