विषय: डिसेंबरात विदर्भ, समृद्धी महामार्ग सोडून

नमस्कार मंडळी,

यंदा डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही चौघे (मुलं अकरा आणि सात वर्षांची) भारतात आहोत. पुण्या-मुंबईचं नातेवाईकदर्शन आटोपलं की आठवडाभर विदर्भात जायचा बेत आहे. ह्यांचं आजोळ तिकडचं, पण ह्यांनी स्वतः नागपूर स्टेशनच्या पलीकडे काही पाहिलेलं नाही.

कच्चा आराखडा असा: नागपुरात गाडी घ्यायची. पहिला दिवस लोणार, दुसरा चिखलदरा, तिसरा-चौथा ताडोबा, पाचवा हेमलकसा आणि परत. सगळं आडवाटेने, गावागावांतून. जमेल ना?

– सदाशिव पेठ, सध्या मेलबर्न

---

ताई,

एकदा नकाशा उघडून बसा. लोणार बुलढाण्यात आणि हेमलकसा पार भामरागड तालुक्यात. ही विदर्भाची दोन टोकं झाली. तुमच्या आराखड्याने गेलात तर मुलांना विदर्भ गाडीच्या काचेतून दिसेल, तोही उलट्या करत. आणि आडवाटेने पाच दिवसांत हे होत नाही. मग नाइलाजाने समृद्धीवर चढाल. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर, जून २०२५ पासून सलग सुरू आहे. चांगलाच रस्ता आहे, पण त्यावरून दिसतं काय? कुंपण.

माझं ऐका, एकच कोपरा धरा. आमची झाडी. पुण्याच्या मंडळींसाठी सांगतो: भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वेकडचा भाग म्हणजे झाडीपट्टी. इथे कापूस नाही, धान आहे. पुण्यात विदर्भ म्हटलं की जे उजाड चित्र डोळ्यांसमोर येतं, ते इथे लागू पडत नाही.

रस्ता असा घ्या. नागपूरहून सकाळी निघून उमरेड, पुढे भिवापूर. तिथली मिरची प्रसिद्ध आहे, तिला भौगोलिक मानांकनही मिळालंय, किलोभर गाडीत टाका. भिवापूर सोडल्यावर नीलज फाट्यावरून पवनी. वैनगंगेच्या काठचं हे गाव घाटांचं आणि देवळांचं, पण खाली मातीत बौद्ध स्तूप निघाले आहेत. गोसेखुर्द धरण जवळच आहे. एप्रिल १९८८ मध्ये राजीव गांधींनी पायाभरणी केली तेव्हा मी तिसरीत होतो. नहराचं (कालव्याचं) पाणी आमच्या शिवारात आलं तेव्हा माझी मुलगी तिसरीत होती.

पवनीहून लाखांदूर, वडसा, अर्जुनी मोरगाव, नवेगावबांध, साकोली. एवढंच. चार दिवस द्या. साकोलीहून नागपूर महामार्गाने शंभरेक किलोमीटर, परतीला तेवढा चालवून घ्या.

डिसेंबरात धान कापून झालेलं असतं. बांध्यांमध्ये (धानाच्या शेतांत) पुंजणे, म्हणजे कापलेल्या धानाचे ढीग, रचलेले दिसतील आणि त्यांच्याभोवती जमीन पुन्हा हिरवी. ती लाखोळी, डाळीचं पीक. उभ्या धानातच बी फेकून देतात. धान निघालं की उरलेल्या ओलीवर ती वाढते, नांगर नाही, पाणी नाही. मुलांना गाडीतून उतरवून बांधावर चालवा. आणि तलाव मोजायला लावा, दमतील. हे मामा तलाव. मामा म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजारी म्हणजे इकडची जमीनदारी. ती गेली, तलाव सरकारजमा झाले आणि कागदावरचा ‘मा. मा. तलाव’ लोकांच्या तोंडी मामा झाला. बांधणारे मुख्यतः कोहळी समाजाचे लोक. नवेगावचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं तिकडे सांगतात. सकाळी सहाला पाळीवर (तलावाच्या बांधावर) उभे राहा, धुक्यातून आधी बदकांचा आवाज येतो, पाणी मागाहून दिसतं.

पण या सगळ्याहून महत्त्वाचं: एक रात्र नाटकासाठी ठेवा. दिवाळीनंतर मंडई (भाजीची नव्हे, गावची जत्रा) सुरू होतात आणि तिथपासून होळीपर्यंत आमच्याकडे गावोगावी नाटकं. दिवसा शंकरपट (बैलांच्या शर्यती), रात्री नाटक. २०१४ च्या बंदीनंतर पट थांबले होते, डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने परवानगी दिल्यावर पुन्हा रंगायला लागले. वडसा म्हणजे नाट्यमंडळांची पेठच, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फलकच फलक. २०२३ मध्ये आमच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली ती या रंगभूमीसाठी.

नाटक रात्री दहानंतर चढतं आणि उजाडेपर्यंत चालतं. खुर्ची घेऊ नका, जमिनीवर बसा, खाली तणीस (धानाचा पेंढा) आणि वर चादर. मागच्या वेळी माझ्या शेजारी एक आजी शेकायला घमेल्यात निखारे घेऊन आल्या होत्या. खलनायक आला की निखारे उकरायच्या, नायिका रडली की तेच घमेलं माझ्याकडे सरकवायच्या. पहाटे घरी जाताना म्हणाल्या, ‘लेका, तू झोपला होता.’ झोपलो होतो खरा.

– साकोली

---

साकोलीकरांनी नेहमीप्रमाणे विदर्भ वैनगंगेपाशी सुरू करून वैनगंगेपाशीच संपवला. पश्चिमेला वऱ्हाड नावाचा प्रकार अस्तित्वात आहे याची नोंद घ्यावी.

ताई, तुम्ही परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढा. वर कॉफीचे मळे आहेत, महाराष्ट्रात असून. गाविलगडचा किल्ला पाहा, डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने घेतला तो. खाली अचलपुरात शकुंतला रेल्वेचे अरुंद रूळ गवतात पडले आहेत, तेही मुलांना दाखवा. आम्ही त्या गाडीतून उतरायचो, बोरं तोडायचो आणि पुन्हा चढायचो.

मात्र पाच दिवसांत दोन्ही करू नका, यात साकोलीकरांचं बरोबर आहे. हे वाक्य जपून ठेवावं, पुन्हा लिहिणार नाही.

– अकोट

---

गाडीबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून लिहितो.

स्वतः चालवायचा मोह होईल, कारण इथे ऑस्ट्रेलियातही आपण डावीकडूनच चालवतो. तरी ड्रायव्हरसकट गाडी घ्या, स्थानिक माणूस. मी दोन वर्षांपूर्वी शहाणपणा केला होता. लाखांदूरच्या अलीकडे फोनने जवळचा रस्ता दाखवला. तो रस्ता नव्हता, नहराची पाळ होती. दोन किलोमीटर आत गेल्यावर मुरूम संपला, काळी माती लागली आणि पुढचं चाक बसलं. गाडी वळवायला जागा नाही. एका भाऊंनी ट्रॅक्टरने ओढून काढली, पैसे घेतले नाहीत, फक्त विचारलं, ‘काहून आलते इकडं?’ उत्तर नव्हतं.

अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही. बिनरिफ्लेक्टरची बैलगाडी, रस्त्यावर वाळत घातलेलं धान, मध्येच रोही (नीलगाय) नाहीतर रानडुक्कर. नाटक असेल त्याच गावात मुक्काम करा. रपट्यावरून (ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलावरून) पाणी वाहताना दिसलं तर, डिसेंबर असला तरी, आधी ड्रायव्हरला उतरून बघू द्या.

आणखी एक. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे. तिथे मुक्काम करायचा म्हणाल तर परदेशी पासपोर्टवाल्यांना आधी सरकारी परवाना काढावा लागतो, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळतं ते) असलं तरी. ते आताच बघून ठेवा.

– उमरेड

---

सगळ्यांचे आभार. लोणार, चिखलदरा, ताडोबा, हेमलकसा सगळं रद्द. (ताडोबा रद्द करताना धाकटा रडला. नवेगावलाही जंगल आहे असं सांगून ठेवलंय.) झाडी पक्की.

दोन शंका. नाटकाच्या तारखा आधी कुठे कळतात? आणि आम्ही शाकाहारी आहोत, राहायचं कुठे?

– सदाशिव पेठ

---

ताई,

तारखा आठवडाभर आधी कळल्या तरी नशीब. मंडई ठरली की गावात भोंगा लावलेली गाडी फिरते, तीच जाहिरात. तुम्ही नागपुरात उतरलात की मला मेसेज करा, मी गावी विचारून सांगतो.

शाकाहारी म्हणजे वांग्याची भाजी, लाखोळीची डाळ, पाटवडी, वर सांबार. (कोथिंबिरीला म्हणतो आम्ही, सांबार मागवून इडलीची वाट पाहत बसू नका.) तिखट कमी करायला आधीच सांगा, नंतर उपयोग नसतो.

राहायचं आमच्या मोठ्या आईकडे. काल फोन केला होता. खोल्या दोन आहेत, पोरं रात्री उठतात का आणि बंब किती वाजता पेटवायचा एवढंच तिने विचारलंय. आज रात्री पुन्हा फोन करणार आहे, त्याआधी कळवा.

– साकोली