आधी आकडा बघा, मग तापवा
टाकाऊ प्लास्टिकपासून घरी नव्या वस्तू बनवताना सगळं प्लास्टिक एकत्र वितळवलं तर चालेल का, असं एकाने विचारलंय. कृपा करून तसं करू नका. नेदरलँड्सच्या डेव्ह हाकेन्सने २०१३ मध्ये ‘प्रेशस प्लास्टिक’ या प्लास्टिक पुनर्वापराच्या प्रकल्पातून श्रेडर (प्लास्टिकचा चुरा करणारं यंत्र), एक्स्ट्रुडर (ते वितळवून दाबून बाहेर काढणारं यंत्र) वगैरेंचे आराखडे सगळ्यांना फुकट दिले, हे त्याचे खरंच उपकार आहेत. पण यंत्र बनवण्याआधी वर्गवारी शिका. डब्याच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो. तो प्लास्टिकचा प्रकार सांगतो. २ म्हणजे एचडीपीई (जास्त घनतेचं पॉलिथिन), साधारण १३० अंशांना वितळतं. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, त्याला १६०च्या आसपास जावं लागतं. दोन्ही मिसळली की वस्तू कमजोर होते. ३ आकड्याचं पीव्हीसी तर तापवूच नका, हायड्रोजन क्लोराइडचा विषारी वायू निघतो. मी बाटल्यांची बुचं धुऊन, गच्चीवर खडखडीत वाळवून मगच दळते. काही बुचांच्या आत पातळ चकती असते, तिचं प्लास्टिक बऱ्याचदा वेगळं असतं. ती नखाने उचकटून काढा.