मदत हवी आहे : पोर्ट एलिझाबेथला त्याच दिवशी पोहोचता येईल का?

नदीकाठचा
नमस्कार. येत्या ईस्टरच्या सुट्टीत आम्ही चौघे पोर्ट एलिझाबेथला जाणार आहोत. विमान दुपारी पावणेचारला उतरते आणि तेथून पुढे बोटीने जायचे आहे. त्या दिवशीची बोट मिळेल की एक रात्र अलीकडेच काढावी लागेल, एवढेच मला विचारायचे आहे. विमानतळापासून धक्का दहा मिनिटांवर आहे असे एका ठिकाणी लिहिले आहे, तर दुसरीकडे चाळीस मिनिटे सांगितली आहेत. घराचे आरक्षण उद्यापर्यंत पक्के करायचे असल्यामुळे कृपया लवकर आणि नेमके उत्तर द्यावे.

सह्यभटक्या
त्या शहराचे अधिकृत नाव २०२१ मध्ये बदलले आहे, त्यामुळे तिकिटावर नवे नाव दिसल्यास गोंधळू नका. तेथे जायला बोट कशाला हवी? विमानतळ शहरातच आहे. वेळ असेल तर अ‍ॅडो येथील हत्तींचे अभयारण्य अवश्य पाहा.

नदीकाठचा
दक्षिण आफ्रिकेतील नव्हे. कॅरिबियनमधील सेंट व्हिन्सेंटच्या दक्षिणेला असलेल्या बेक्वे बेटावरचे बंदर. मला वाटले होते की बोटीच्या उल्लेखावरून ते समजेल.

दर्यावर्दी
धागाकर्ते, तुम्ही वाचलेल्या दोन्ही माहिती आपापल्या काळात खऱ्या आहेत. जुना विमानतळ आर्नोस व्हेलला, म्हणजे राजधानी किंग्सटाउनच्या अगदी शेजारी होता आणि तेथून बोटीचा धक्का खरोखरच जवळ पडत असे. २०१७ च्या फेब्रुवारीत बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर आर्गाइलचा आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला आणि जुना बंद पडला. आर्गाइलहून किंग्सटाउनच्या धक्क्यापर्यंत वळणावळणाच्या रस्त्याने अर्धा ते पाऊण तास धरावा. त्यात पासपोर्ट तपासणीची रांग आणि सामान मिळवा. कामाच्या दिवशी बेक्वेच्या बोटी संध्याकाळपर्यंत असतात, त्यामुळे विमान वेळेवर आले तर हे जमण्यासारखे आहे. मात्र शनिवारी, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी फेऱ्या कमी होतात, आणि गुड फ्रायडे ही तेथे सार्वजनिक सुट्टी असते. म्हणून पुढील गोष्टी कळल्याशिवाय नेमके उत्तर देता येणार नाही : पोहोचण्याचा वार कोणता, निघणार कोठून, आणि पासपोर्ट कोणत्या देशाचे?

नदीकाठचा
पोहोचणार गुरुवारी, निघणार टोरांटोहून. पासपोर्टचा बोटीशी काय संबंध आहे, ते कळले नाही.

निळासागर
माफ करा, पण ज्या बेटावर आजही देवमासे मारले जातात तेथे पर्यटनाला जावे का, याचा विचार आपण केला आहे का?

दर्यावर्दी
प्रश्न बोटीचा आहे, तरीही माहिती अर्धवट राहू नये म्हणून लिहितो. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने बेक्वेच्या रहिवाशांना स्थानिक उपजीविकेसाठी वर्षाला जास्तीत जास्त ४ हंपबॅक देवमाशांची परवानगी दिलेली आहे, आणि ही शिकार हाताने फेकायच्या भाल्यांनी, शिडाच्या लहान होड्यांतून होत आली आहे. कित्येक वर्षी एकही मासा मिळत नाही. यावर वाद घालायचा असेल तर वेगळा धागा काढावा.

निळासागर
परवानगी असणे आणि योग्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच म्हणून थांबते.

चहाबाज
२०२४ च्या वादळात ती सगळी बेटे उद्ध्वस्त झाली ना? पैसे भरण्यापूर्वी एकदा विचार करा.

दर्यावर्दी
सगळी नव्हेत. १ जुलै २०२४ च्या बेरिल चक्रीवादळाने युनियन, मेरो आणि कानुआन या दक्षिणेकडील बेटांचे अतोनात नुकसान केले. बेक्वे त्यांच्या उत्तरेला असल्याने तुलनेने बचावले. शिवाय वादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर असा असतो. ईस्टरला ती भीती नाही.

माहेरवाशीण_रत्नागिरी
चौघांमध्ये वडीलधारी माणसे आहेत का? दोन बेटांमधली खाडी म्हणजे उघडा समुद्र आहे. पूर्वेचे वारे आणि प्रवाह तेथे एकमेकांना भिडतात आणि बोट चांगलीच डुलते. तासाभराचाच प्रवास असला तरी ज्याला बोट लागते त्याला तो पुरेसा असतो. खालच्या मजल्यावर, मधोमध बसावे आणि उलटीची गोळी निघण्याच्या आधीच घ्यावी. बेक्वेच्या अ‍ॅडमिरल्टी उपसागरात शिरल्यावर मात्र पाणी एकदम शांत होते, कारण त्याचे तोंड पश्चिमेला आहे, आणि धक्का थेट गावाच्या मध्यावर असल्याने उतरून चालतच मुक्कामी जाता येते.

नदीकाठचा
आई-बाबा सोबत आहेत. ते पुण्याहून दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आले आहेत. आईला बोट लागते. मायामीला केवळ दोन तासांचा थांबा असल्यामुळे त्यांना विमानप्रवासाचा फारसा त्रास होणार नाही. आता बोटीचे सांगा.

उंबरठा
बोट बाजूला ठेवा. आई-बाबांकडे अमेरिकेचा व्हिसा आहे का?

नदीकाठचा
आम्ही अमेरिकेला जात नाही आहोत. विमानतळाबाहेर पाऊलही टाकणार नाही. शिवाय त्यांच्याकडे कॅनडाचा व्हिसा आहे.

उंबरठा
त्याने काहीही फरक पडत नाही. अमेरिकेत केवळ विमान बदलायचे असले तरी प्रत्येक प्रवाशाला देशात प्रवेश घेतल्यासारखीच तपासणी पार पाडावी लागते, आणि भारतीय पासपोर्टधारकाला त्यासाठी ट्रान्झिट किंवा पर्यटक व्हिसा लागतो. तो नसेल तर टोरांटोलाच त्यांना विमानात चढू दिले जाणार नाही. मौज अशी की ज्या देशात तुम्ही जात आहात त्या सेंट व्हिन्सेंटला भारतीयांकडून पर्यटनासाठी आगाऊ व्हिसाची अपेक्षाच नाही. परतीचे तिकीट मात्र जवळ ठेवावे. कॅनडाचा व्हिसाही एकाच प्रवेशाचा नाही ना, ते तपासा, नाहीतर परत येताना अडचण होईल.

पिवळातारा
म्हणूनच मी सगळ्यांना बार्बाडोसमार्गे जायला सांगतो. टोरांटोहून बार्बाडोसला थेट विमाने आहेत, भारतीयांना तेथेही आगाऊ व्हिसा लागत नाही, आणि तेथून छोट्या विमानाने थेट बेक्वेच्या जे. एफ. मिचेल विमानतळावर उतरता येते. बोटीची भानगडच नको.

दर्यावर्दी
त्या छोट्या विमानांत सामानाचे वजन काटेकोर मोजतात, भाडेही चढे असते, आणि पहिले विमान उशिरा आले तर बार्बाडोसला रात्र काढावी लागते. टोरांटोहून आर्गाइललाच थेट विमान असताना एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

पिवळातारा
ते थेट विमान रोज नसते, साहेब. आणि ज्या माउलीला बोट लागते तिला खाडीतून नेण्याचा हट्ट का? उपसागर तिला खिडकीतूनही दिसेल.

पोळपाट
आई-बाबा शाकाहारी असतील तर काळजी करू नका. १८६१ पासून तेथे भारतीय मजूर आले, त्यामुळे बटाटा किंवा चणे भरलेली रोटी सर्वत्र मिळते. रास्ताफारी पंथाच्या लोकांचे ‘आयटल’ जेवण तर मांसाशिवायचेच असते. धक्क्याजवळच्या भाजीबाजारात विचारा. तेथे भरपूर मिळणारे ब्रेडफ्रूट म्हणजे आपला नीरफणस. कोकणासारख्या कापा करून तळता येतात. किंमत विचारताना मात्र कोणता डॉलर ते आधी विचारा, कारण एका अमेरिकन डॉलरला २.७० पूर्व कॅरिबियन डॉलर असा दर ठरलेला आहे आणि दोन्ही चलने चालतात.

उंबरठा
बाबांची लष्करी छापाची टोपी असेल तर घरीच ठेवा. तेथे तसले कपडे सामान्य माणसाने घालणे कायद्याने निषिद्ध आहे.

नदीकाठचा
विमान कंपनीला दूरध्वनी केला. अमेरिकेच्या व्हिसाशिवाय आई-बाबांना मायामीमार्गे नेणार नाहीत, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. कॅनडाचा व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे. मायामीचे तिकीट रद्द करून थेट आर्गाइलचे पाहतो आहे, पण गुरुवारच्या विमानात चार जागा शिल्लक नाहीत. रविवारच्या विमानात आहेत.

दर्यावर्दी
मग तो ईस्टरचा रविवार होईल आणि बोटी कमी असतील. त्याच दिवसांत बेक्वेला शिडांच्या होड्यांची शर्यत असते, म्हणून बेटावर घरे मिळणे कठीण असते. तुमच्या घरमालकाला तारीख बदलून चालेल का, हे आजच विचारा. रविवारची रात्र किंग्सटाउनला काढावी लागेल असेच धरून चाला. सकाळी वेळ असल्यास तेथील १७६५ चे वनस्पती उद्यान आई-बाबांना दाखवा. सोमवारीही सुट्टीच असते, त्यामुळे त्या दिवशीचे वेळापत्रक थेट बोट कंपनीकडूनच घ्या.

पिवळातारा
बार्बाडोसमार्गे गेलात तर शनिवारीच पोहोचाल. जागा पाहून येथे कळवा.

नदीकाठचा
पाहतो. घरमालकाने तारखेसाठी रात्रीपर्यंत मुदत वाढवली आहे.