कोबुकवरची कॅरिबूची शिकार: ही पोटासाठी कशी?

हिरवीवाट
अलास्कातल्या कोबुक नदीवरचा व्हिडिओ काल पाहिला. आजोबा, आईवडील, दोन मुलं, मोटारबोट. कॅरिबूंचा, म्हणजे उत्तरेकडच्या रानटी रेनडिअरांचा, कळप नदी पोहून ओलांडतोय आणि ही मंडळी बोट अगदी शेजारी नेऊन एकेक नर टिपतायत. पाण्यातलं जनावर पळणार कुठे? खाली लिहिलंय, 'आमचं हिवाळ्याचं जेवण'. ज्यांना बोट, इंजिन, बंदूक परवडते त्यांना तांदूळ परवडत नाही? २००३ मध्ये त्या भागातला अख्खा कळप जवळपास ४,९०,००० होता, २०२३ च्या मोजणीत १,५२,००० उरला. तरी मुलांना हेच शिकवायचं. पोटाचं कारण सांगून केलेली हौस आहे ही.

खारावारा
राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहिते. मी त्याच भागातल्या कॉट्झब्यू गावात दवाखान्याच्या औषधविभागात नोकरी केली आहे आणि मैत्रिणीच्या घरच्यांसोबत सप्टेंबरात कोबुकवर गेले आहे. कायाना, अँब्लर, शुंगनाक ही नदीकाठची गावं, यातल्या एकाही गावाला बाहेरून रस्ता नाही. किराणा विमानाने येतो, त्यामुळे दुकानात किमती वाचूनच माणसं वस्तू परत ठेवतात. इंजिन तिथे चैन नाही. पेट्रोलही महाग, म्हणून दोन-तीन घरं खर्च वाटून एका बोटीने निघतात आणि मांसाचे वाटेही तसेच पडतात.

पाण्यात का मारतात? टुंड्रात लांबून गोळी घातली की जखमी जनावर निसटतं, कुठेतरी मरतं, कुणाच्याच पोटात जात नाही. नदीत हातभर अंतरावरून लहान काडतुसाची एक गोळी डोक्यात बसते. कॅरिबूचा केस पोकळ, त्यामुळे धूड तरंगतं आणि ओढून काठाला आणता येतं. त्या भागात कायद्यानेही हे चालतं. कळपाच्या पुढचे कॅरिबू आधी बिनधोक पार होऊ देतात. ते बिचकले तर मागचे वाट बदलतात, हे पोरांना बंदुकीच्या आधी शिकवतात. नर सप्टेंबरातच हवा, तेव्हा पाठीवर चरबी असते. ऑक्टोबरात माजावर आला की मांसाला उग्र वास मारतो. मुलाची पहिली शिकार म्हाताऱ्यांना देऊन टाकायची असते. माझ्यासमोर एका पोराने पहिलं कॅरिबू मारलं आणि संध्याकाळी त्याच्या आईने एकट्या राहणाऱ्या आज्यांच्या घरी ते पोहोचवलं. त्या पोराने लाज वाटून घ्यायची?

याच नदीवर अनियन पोर्टेज म्हणून जागा आहे. तिथे माणसं सुमारे ९,००० वर्षं कॅरिबूसाठी येतात. इतकी वर्षं मारूनही कळप टिकला होता.

हिरवीवाट
९,००० वर्षं इंजिन नव्हतं. तेव्हाचा हिशेब आज लावू नका. आणि कळप एक तृतीयांशाच्याही खाली आला यावर तुम्ही एक ओळ लिहिली नाही.

वैनगंगाकाठ
दोघेही मूळ मुद्दा टाळताय. त्या गावांना रस्ता द्या, किराणा स्वस्त होईल, शिकार आपोआप कमी होईल. अँब्लरच्या तांब्याच्या खाणींसाठी अलास्कातल्याच डाल्टन हायवेपासून सुमारे ३४० किलोमीटरचा रस्ता काढायचा प्रस्ताव आहे. २०२४ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने तो नाकारला, ऑक्टोबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी पुन्हा मोकळा केला. पर्यावरणवाल्यांनी वर्षानुवर्षं अडवला. मी गडचिरोलीतल्या एटापल्लीकडचा. माझ्या काकूला बाळंतपणात खाटेवर घालून नाल्यापलीकडे नेलं होतं. रस्ता नको म्हणणाऱ्यांनी एकदा ती खाट खांद्यावर घ्यावी.

खारावारा
काकूंचं वाचून वाईट वाटलं. पण हा रस्ता त्यांच्यासारखीसाठी नाही. प्रस्तावात तो फक्त खाणीच्या वाहतुकीचा आहे, लोकांना बंद. गावकऱ्याची गाडी त्यावर जाणार नसेल तर किराणा कशाने स्वस्त होणार?

वैनगंगाकाठ
डाल्टनही आधी बंदच होता. १९९४ मध्ये शेवटपर्यंत सगळ्यांना उघडला. रस्ता एकदा झाला की कायमचा बंद राहत नाही.

खारावारा
मग तर माझंच म्हणणं पक्कं झालं! उघडला की बाहेरचे शिकारी गाड्या भरून येतील. शिंगांसाठी येणारे आणि फ्रीजरसाठी येणारे यांत फरक आहे की नाही? १९८० च्या कायद्याने केंद्राच्या जमिनीवर पोटासाठीच्या शिकारीला प्राधान्य दिलं, तेही वंश न बघता तिथल्या ग्रामीण रहिवाशाला. अलास्का राज्याने तोच नियम ठेवला होता, १९८९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. तेव्हापासून केंद्राच्या जमिनीवर एक नियम, राज्याच्या जमिनीवर दुसरा, आणि कळप दोन्हीकडून चालतो. तिथल्याच रेड डॉग या जस्ताच्या खाणीच्या रस्त्यापाशी तर माग काढायला गळ्यात पट्टे बसवलेले काही कॅरिबू आठवडेच्या आठवडे अडकून राहिल्याचं अभ्यासात दिसलंय.

वैनगंगाकाठ
रेड डॉगचं नाव काढलंत म्हणून सांगतो. ती जमीन नाना या कंपनीची, म्हणजे तिथल्या इनुपिआत आदिवासींचीच आहे, जस्ताच्या उत्पन्नातला वाटा त्यांना मिळतो, पगारही मिळतात. तुमच्या मैत्रिणीच्या बोटीचं इंजिन कशातून आलं असेल ते विचारा. आदिवासींनी खाण आणायची की नाही हे कॉट्झब्यूत पगारावर राहून आलेल्यांनी ठरवू नये.

खारावारा
आणि एटापल्लीतून तुम्ही ठरवायचं? त्या नदीवरची गावं या रस्त्यावरून आपसांतच दुभंगली आहेत. एकाच घरात भाऊ खाणीत आणि बहीण विरोधाच्या सभेत, हे मी पाहिलंय. रेड डॉगच्या पगारातून इंजिन येतं, हे खरं आहे, मान्य करते. पण त्या इंजिनाने जायचं कुठे, कॅरिबू नदीवर आलेच नाहीत तर? अलीकडे ते उशिरा येतात, काही वर्षी नदी गोठू लागली तरी कळप उत्तरेलाच असतो.

सुरजागडकर
वैनगंगाकाठ, रस्ता आला की काय होतं ते आमच्याकडे बघ. सुरजागडच्या लोहखाणीचे ट्रक सुरू झाले आणि शाळेत जाणाऱ्या पोरांना रस्त्याच्या कडेने चालायची भीती वाटू लागली. आमच्या गावात दवाखाना अजून आला नाही, धूळ आली. खाणीचा रस्ता आणि गावाचा रस्ता या दोन गोष्टी आहेत, हे तुला माहीत असून तू भांडतोयस.

वैनगंगाकाठ
माहीत आहे. धूळ मीही खाल्ली आहे. तरी बाळंतीण त्याच रस्त्याने जाते आता, हे तू लपवतोयस.

हिरवीवाट
धागा शिकारीचा होता, एवढं लक्षात असू द्या. चरबीचं, पहिल्या शिकारीचं मला ठाऊक नव्हतं. ते कुटुंब पोटासाठी मारतं हे मानलं, बस. पण घटत्या कळपातून मादी मारायची मुभा कशाला? याचं उत्तर द्या.

खारावारा
२०२४ पासून त्या भागात माणशी वर्षाला १५ ची मर्यादा आहे, त्यात मादी एकच. आधी दिवसाला ५ कॅरिबू चालत होते. कळपासाठी जो कार्यगट आहे त्यात गावांतले शिकारीही बसतात आणि कमी मारण्याचा आग्रह त्या गटानेच धरला. एकही मादी नको हे तुमचं म्हणणं मला पटतं, आणि तिथल्या काही म्हाताऱ्यांनाही पटेल. मात्र नोव्हेंबरात ज्या घराचा फ्रीजर रिकामा आहे आणि माजावरचा नर खाण्यालायक नाही, त्या घराने काय करायचं, तेही सांगा.

हिरवीवाट
तेव्हा शेजाऱ्याने द्यावं. तुम्हीच म्हणालात ना, तिथे वाटे पडतात.